मुंबईत राहायचं कुठं? आईबरोबरचे चार दिवस

जायच्या आधी

आईनं मुंबई एकदाच बघितली होती, १९७६ साली, सोळा वर्षांची असताना. माझा मामा तेव्हा लालबागला राहायचा, गिरणीत कामाला होता, आणि दहा बाय बाराच्या खोलीत मामा, मामी, त्यांचं तान्हं बाळ आणि वर सोलापूरकडची चार माणसं. ती चार माणसं पाळीप्रमाणे झोपायची, एक दिवसपाळीला गेला की त्याच वळकटीवर रात्रपाळीवाला येऊन पडायचा. आई सांगते की ती आणि मामी आत झोपायच्या आणि बाकी सगळे बाहेर गॅलरीत, आणि तरी तिला ते पंधरा दिवस आयुष्यात सगळ्यात भारी वाटले होते. तर ह्या जानेवारीत मी ठरवलं की आईला परत एकदा मुंबई दाखवायची, मी, आई आणि माझा दहा वर्षांचा पोरगा, आमच्या मिस्टरांना रजा नव्हती. आई आता सहासष्ट वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय ठेवून मग पुढची पायरी.

तिकीट काढायला पाच मिनिटं लागली, राहायचं ठरवायला तीन आठवडे. मामेभावाचं म्हणणं एकच, "आमचं घर असताना आत्यानं लॉजवर राहायचं? लोक काय म्हणतील?" आता दादाचं घर डोंबिवलीला, वन बीएचके, घरात मामी धरून पाच माणसं. जागेचा प्रश्न नव्हता, मनानं मोठी माणसं आहेत ती, पण डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला यायचं म्हणजे फास्ट लोकलनं सव्वा तास धरायचा आणि सकाळच्या त्या गर्दीत आईला घेऊन चढायचं. नाही जमणार हे मला कळत होतं, त्याला कसं सांगायचं हे कळत नव्हतं. शेवटी म्हणलं, दादा, शेवटचा दिवस तुमच्याकडे, रात्रीचं जेवण तिथंच आणि गाडी पण कल्याणहून पकडू. तेव्हा कुठं तो शांत झाला.

शेजारचे काका म्हणाले आमदारांचं पत्र घ्या आणि आमदार निवासात उतरा, आम्ही आयुष्यभर तसंच केलं. पण ओळखी काढत बसायला मला नको वाटलं. अंधेरीला एअरपोर्टच्या बाजूला बऱ्या खोल्या दिसत होत्या, पण आम्हाला बघायचं होतं ते सगळं खाली दक्षिणेला, आणि अंधेरीहून चर्चगेट म्हणजे फास्टनं पण पाऊण तास धरा. वाशीचं पण तेच, हार्बरनं तास जातो. मग मी डोकं लावलं की सिद्धेश्वर एक्सप्रेस सीएसएमटीलाच थांबते, तर तिथंच जवळ राहावं, बॅगा घेऊन फिरायला नको. मोबाईलवर बघून एक खोली बुक केली, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, फोटोत पांढऱ्या चादरी, रात्रीला अडीच हजार. एका रात्रीचे पैसे आधी भरले. लिफ्ट आहे का हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवार

पावणेसातच्या सुमारास उतरलो. आई प्लॅटफॉर्मवरून बाहेर आली आणि वळून नुसती इमारतीकडे बघत उभी राहिली, "हे तसंच आहे गं." १८८८ ची इमारत, तेव्हाचं व्हीटी, आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे हे मी पोराला सांगत होते पण त्याचं लक्ष वरच्या दगडी प्राण्यांकडे.

लॉजवर फोन केला तर म्हणाले चेक-इन बारालाच. रात्रीच्या गाडीनं येणाऱ्या माणसाला मुंबईत हा पहिला फटका बसतो, सकाळी सातला तुम्ही पोचता आणि खोली दुपारी मिळते. त्यावर उपाय म्हणजे स्टेशनवरची क्लोकरूम. बॅगेला कुलूप पाहिजे नाहीतर ठेवून घेत नाहीत, आणि तिकीट दाखवावं लागतं. आम्ही वेटिंग रूममध्येच तोंडं धुतली, घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, बॅगा ठेवल्या आणि समोर रस्ता ओलांडून चहा. बारापर्यंत वेळ काढायचा म्हणून टॅक्सीनं मरीन ड्राईव्हला गेलो आणि आई कठड्यावर बसली ती दोन तास उठलीच नाही. मला वाटलं कंटाळली असेल. ती म्हणाली, बसू दे, इथं कोण घाई करतंय.

बारा वाजता लॉज. अरुंद दरवाजा, आत लगेच लाकडी जिना, रिसेप्शन पहिल्या मजल्यावर आणि आमची खोली तिसऱ्या. पायऱ्या उंच, मध्ये झिजून खोलगट झालेल्या, धरायला एका बाजूलाच कठडा आणि तो पण हलणारा. आई काहीच बोलली नाही. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबली, भिंतीला हात लावला, पदरानं कपाळ पुसलं आणि परत पाय उचलला. दुसऱ्या वळणावर मी बघितलं तर तिचा खालचा ओठ दातात धरलेला. माझ्या लग्नात, बाबा गेले तेव्हा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, आईचा ओठ असाच असतो, ती सांगत नाही, आपण बघायचं असतं. वर खोली उघडली तर खिडकीच नाही, एक पडदा होता तो बाजूला केला तर मागे भिंत. एसी चालू होता, चादरी पांढऱ्याच होत्या, फोटो खोटा नव्हता, पण फोटोत जिना कुणी दाखवत नाही.

खालची खोली मागितली, नाही म्हणाले. पैसे परत मागितले, ते पण नाही. आई म्हणत होती राहू दे, रात्री झोपायलाच तर यायचंय, कशाला पैसे घालवतेस. मी म्हणलं आई, दिवसातून दोनदा चढ-उतार, तीन दिवस, तू आजारी पडशील. अडीच हजार गेले, मला वाईट वाटलं, अजून वाटतं, पण तिथंच राहिलो असतो तर आईनं मुंबई बघितलीच नसती, ती खोलीत बसून राहिली असती आणि म्हणाली असती तुम्ही फिरून या.

बाहेर येऊन पतपेढीतल्या माझ्या एका मॅडमना फोन लावला. त्यांच्या मिस्टरांचे उपचार परळला टाटा हॉस्पिटलला झाले, त्या सात-आठ महिने दादरला राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या दादर बघ, आणि फोनवर काय विचारायचं ते सांगितलं, लिफ्ट आहे का आणि आमच्या मजल्यापर्यंत जाते का, खोलीला उघडणारी खिडकी आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, कमोड आहे का, चेकआउट बाराचं की चोवीस तासाचं, सांगितलेल्या भाड्यात टॅक्स आहे का वेगळा. हे शेवटचं महत्त्वाचं, साडेसात हजारापर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता, काही जण अजून जुनाच आकडा सांगतात. आणि त्या म्हणाल्या, खोली बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. मी फुटपाथवर उभं राहून चार ठिकाणी फोन केले, तिसऱ्या ठिकाणी लिफ्ट पण होती आणि खोली पण.

क्लोकरूममधून बॅगा काढून टॅक्सी केली. दादर पूर्वेला हिंदू कॉलनीकडच्या बाजूची गल्ली, दोन्हीकडे मोठी झाडं, जुनी तीन-चार मजली घरं, आणि स्टेशन एवढं जवळ असून गल्लीत शांतता. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट जुनी जाळीच्या दाराची पण चालणारी. टॅक्स धरून अठ्ठावीसशे, तिघांना, एक गादी जास्त. रिसेप्शनवर रात्री कोण असतं ते मी विचारलं, दाराची आतली कडी लावून बघितली, बाई एकटी मुलाला आणि आईला घेऊन आली की हे बघावंच लागतं आणि विचारायला लाजू नये. आईनं पहिल्यांदा काय केलं तर खिडकी उघडली. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत एक आजी कपडे वाळत घालत होत्या. आईनं खुर्ची ओढली आणि तिथंच बसली.

संध्याकाळी टिळक पुलावरून टॅक्सीनं पश्चिमेला गेलो, आस्वादला मिसळ आणि थालीपीठ खाल्लं, मग शिवाजी पार्कचा कट्टा. क्रिकेटची चार-पाच मॅच एकाच मैदानात चालू, पोरगा वेडा झाला बघून.

शनिवार

मला वाटतं मुंबईत कुठं राहायचं हे किलोमीटरवर ठरवून चालत नाही. गावाकडे आपण विचारतो लांब किती, इथं विचारायचं कुठली लाईन. वेस्टर्न चर्चगेटकडे जाते, सेंट्रल सीएसएमटीकडे, आणि दोन्ही लाईन दादरला भेटतात म्हणून दादरहून ह्या दोन्ही लाईनींवर कुठंही जाता येतं, मध्ये गाडी बदलायला लागत नाही, हार्बर तेवढी दादरला येत नाही. प्लॅटफॉर्मचे नंबर पण आता सलग आहेत, १ ते ७ वेस्टर्न आणि ८ ते १४ सेंट्रल, आधी दोन्हीकडे एक नंबर असायचा आणि नवीन माणूस हमखास चुकायचा. पण आईसारखं माणूस बरोबर असेल तर लाईनीच्या आधी जिने बघायला लागतात. पूल चढायचा, उतरायचा, परत चढायचा. सरकते जिने, लिफ्ट आहेत पण आपण उतरलो त्या टोकाला असतीलच असं नाही.

म्हणून त्या दिवशी मेट्रो. सकाळी सहाला टॅक्सीनं सिद्धिविनायक, मीटर कमीत कमी ३१ रुपयाला सुरू होतं, एवढ्या सकाळी गर्दी कमी आणि दर्शन छान झालं, आई गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. बाहेर पडलो तर जवळच मेट्रोचं स्टेशन. ही तीन नंबरची लाईन, आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं आणि एक सोडून सगळी जमिनीच्या खाली. ऑक्टोबर २०२५ ला शेवटपर्यंत सुरू झाली. आई पहिल्यांदा सरकत्या जिन्याला घाबरली तर तिथल्या एका मुलीनं हात धरून लिफ्टपाशी नेलं. रस्त्यावरून खाली लिफ्ट, खालून प्लॅटफॉर्मवर लिफ्ट, गाडीत बसायला जागा, थंडगार. हुतात्मा चौकाला उतरलो आणि आई म्हणाली, एक पण पायरी चढले नाही बघ मी. एवढा आनंद तिला गेटवे बघून पण झाला नाही.

ह्या मेट्रोनं राहायच्या जागेचं गणितच बदललंय असं मला मनापासून वाटतं. आधी वयस्कर माणसांना घेऊन फिरायचं तर फोर्ट-कुलाब्यातच महाग खोली घ्या नाहीतर टॅक्सीला पैसे ओता, आता दादर, माहीम, वरळी, गिरगाव, कुठल्याही स्टेशनजवळ राहिलं तरी आई-बाबांना घेऊन दक्षिण मुंबईत आरामात जाता येतं. फक्त एक, दादरचं मेट्रो स्टेशन पश्चिमेला आहे, आम्ही पूर्वेला, त्यामुळे आम्हाला टॅक्सी लागायची. मेट्रोच धरायची असेल तर पश्चिमेला बघा, तिकडे भाडं थोडं जास्त सांगतात.

एलिफंटा करायचं मनात होतं, सोमवारी बंद असतं म्हणून शनिवारच ठेवला होता. तासाभराची बोट आणि वर शंभराच्या वर पायऱ्या, डोलीवाले असतात पण आई म्हणाली माणसाच्या खांद्यावर बसून मला देव बघायचा नाही. मग गेटवेहून बंदरातच फिरवून आणणारी बोट घेतली, अर्धा तास, पोराला नौदलाची जहाजं दिसली आणि आईला पाण्यातून गेटवे. तिथून म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ साली लोकांना खुलं झालेलं. त्यावर एवढंच सांगते की दोन तास पुरत नाहीत.

रात्री लॉजवर आलो तर रिसेप्शनच्या बाकावर एक जोडपं बसलेलं, बीडकडचं, त्याच्या मांडीवर मोठी फाईल आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे. टाटाला आलेले. खोली नव्हती. मालक स्वतः फोन लावत होते, गाडगे महाराज धर्मशाळेत विचारत होते, अजून दोन लॉजवर विचारत होते. आईनं आमच्याकडची उरलेली भाकरी-चटणी त्या बाईच्या हातात दिली, ती नको नको म्हणाली आणि मग घेतली. अर्ध्या तासानं त्यांची सोय झाली हिंदमाताकडे. मालक म्हणाले ताई, आमच्या निम्म्या खोल्या अशाच भरलेल्या असतात, महिना महिना, फिरायला येणारी तुमच्यासारखी माणसं कमीच. म्हणजे दादर-परळला खोली मिळत नाही ती का, हे मला तेव्हा कळलं. तिकडे यायचं असेल तर दहा-पंधरा दिवस आधी फोन करा, आणि ६ डिसेंबरच्या आसपास नुसतं फिरायला येऊ नका, चैत्यभूमीला लाखो लोक येतात, ते दिवस त्यांचे आहेत.

रविवार

सकाळी राणीची बाग, पेंग्विन बघून पोरगा खूश. बुधवारी बंद असते हे लक्षात ठेवा.

मग लालबाग. बेस्टच्या बसनं आंबेडकर रोडवरून. आईला गल्ली आठवत नव्हती, नाव आठवत होतं पण तिथं गेल्यावर काही जुळेना, चाळ होती तिथं टॉवर, खाली मोठं गेट आणि वॉचमन. मामाची खोली नव्वदीत गेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंतांचा, अडीच लाख कामगार बाहेर पडले, मामा त्यातला एक, आणि तो परत गिरणीत गेलाच नाही. आधी दागिने, मग काही वर्षांनी खोली विकली आणि डोंबिवलीला गेले. मी हे सगळं ऐकून होते, पण आई त्या गेटसमोर उभी राहून बोटानं हवेत दाखवत होती, इथं नळ, इथं जिना, इथं वहिनी भांडी घासायची, तेव्हा पहिल्यांदा मला ती खोली दिसली.

आम्ही परत फिरलो आणि मसाल्याच्या दुकानांपाशी आलो. आत डंखावर मिरच्या कुटायचं चालू होतं, धाड धाड धाड, आणि तो वास. पोरगा शिंकायला लागला, मी नाकाला ओढणी लावली आणि आई मात्र थांबली, डोळे मिटले आणि म्हणाली, "हां. हेच लालबाग." तिथून चिवडा गल्ली, अर्धा किलो चिवडा, मामीला.

रविवार म्हणजे मेगाब्लॉक, रुळांच्या कामासाठी काही तास लोकल बंद किंवा उशिरा, डोंबिवलीला सोमवारी जायचं ठरवलं ते ह्याच्यामुळेच. मुंबईत रविवारी लांबचा लोकल प्रवास ठेवूच नये, ठेवलात तर आधी कुठल्या लाईनला किती ते किती ब्लॉक आहे ते बघून घ्या.

सोमवार

बाराला खोली सोडायची होती. सकाळी उठले तर आई खिडकीत, आणि समोरच्या गॅलरीतल्या आजी तुळशीला पाणी घालत होत्या. दोघी बोलत होत्या. गल्लीच्या ह्या बाजूनं त्या बाजूला, मोठ्यानं, गुडघ्याला काय लावता, सून कुठं असते, तुमच्याकडे बाजरी काय भावानं आहे. तीन दिवसांची ओळख आणि निघताना त्या आजींनी हात केला आणि आईनं पण. मालकांनी बॅगा खाली ठेवून घेतल्या, जेवून आलो, मग दोनच्या सुमाराला लोकल पकडली. दुपारी उलट्या दिशेला गर्दी नसते, लेडीज डब्यात आईला खिडकी मिळाली, पाऊण तासाच्या वर वेळ लागला पण कळला नाही.

डोंबिवलीला दादा स्टेशनवर आलेला. घरी मामी दारात उभी. दोघी नणंद-भावजया काही न बोलता नुसत्या हात धरून उभ्या राहिल्या, मग मामी म्हणाली, "लॉजवर राहिलीस ना? कशी होती खोली?" मला वाटलं आता बोलणं बसणार. पण आई सगळं सांगायला लागली, लिफ्ट, खिडकी, समोरच्या आजी, मेट्रो, आणि मामी ऐकत राहिली. मग मामीच म्हणाली, बरं केलंस, इथून रोज गेली असतीस तर तुझे पाय राहिले नसते, माझा पोरगा उगाच हट्ट करत होता. दुपारी दोघी एकाच पलंगावर आडव्या झाल्या, बाकी आम्ही सगळे खाली चटईवर. चिवड्याची पिशवी मध्ये. लालबागच्या त्या चार वळकटीवाल्यांतला कोण कुठं गेला, कोण आहे, कोण नाही, हे संध्याकाळपर्यंत चालू होतं.

बोर्डिंग स्टेशन आधीच ऑनलाइन बदलून कल्याण करून घेतलं होतं, हे डोंबिवली-कल्याणकडे नातेवाईक असलेल्यांनी जरूर करावं, नाहीतर गाडी पकडायला परत सीएसएमटीला जावं लागतं. दादा कल्याणपर्यंत सोडायला आला. प्लॅटफॉर्मवर आई बाकड्यावर बसली होती, रात्रीचे साडेअकरा झाले असतील, पोरगा माझ्या मांडीवर झोपलेला.

आईनं आयुष्यात कधी मला हे पाहिजे, तिथं ने असं म्हणलेलं मी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "त्या दादरच्या लॉजवाल्याचा नंबर घेतलास का गं?"

म्हणलं, घेतलाय.

"मग पुढच्या वेळी आठ दिवस काढ. आणि खोली तीच सांग, खिडकीची. ह्या वेळी वहिनीला पण घेऊन जाऊ."